ल्युकेमिया पॉझिटिव्ह मांजरीच्या पिल्लासाठी घर हवंय (सोलापूर किंवा जवळपास)

होटगीरोडवाली
नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधे एक पिल्लू आहे, मादी, डॉक्टर म्हणाले साडेतीन-चार महिन्यांची असेल, रंग तांबूस-करडा म्हणून वॉचमनकाकांनी नाव ठेवलं शेंगी. मधे ती खाईना, हिरड्या अगदी पांढरट दिसायला लागल्या म्हणून दवाखान्यात नेली, तिथे रक्ताची रॅपिड टेस्ट केली तर फीलाईन ल्युकेमिया (मांजरांचा विषाणूने होणारा आजार) पॉझिटिव्ह आलं. त्याच किटवर मांजरांच्या एड्सची पण रेघ असते, ती निगेटिव्ह. जंताचं आणि पिसवांचं औषध दिलंय, रक्तवाढीचं टॉनिक चालू आहे, आता खातेय आणि माझ्या पायजम्याच्या नाडीशी मारामारी पण करते.
अडचण अशी की माझ्या घरात आधीच दोन मांजरं आहेत आणि हा आजार मांजरातून मांजराला जातो. सध्या तिला बाथरूमला लागून असलेल्या छोट्या गॅलरीत वेगळं ठेवलंय पण तिथे दुपारी ऊन येतं आणि सोलापूरचा उन्हाळा तोंडावर आलाय. परत पार्किंगमधे सोडायची इच्छा नाही. असं घर हवंय जिथे दुसरं मांजर नाही आणि जिथे ती घरातच राहील. कोणी आहे का, किंवा कसं शोधायचं ते तरी सांगा.

बाळीवेसकर
ओ ताई काय करलालाव, पार्किंगमधलं पिल्लू गॅलरीत आणून आता घर शोधलालाव :-) चेष्टा सोडा, हे माणसाला होतं का ते आधी सांगा. घरी लहान पोरं आहेत, बायको विचारणार.

होटगीरोडवाली
डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, माणसाला होत नाही, कुत्र्याला पण नाही. फक्त मांजराचं.

स्पष्टवक्ता
राग मानू नका पण असं पिल्लू जगवून काय साध्य होणार? औषध नाही, बरं होत नाही, चांगल्या पिल्लांना घर मिळत नाही तिथं हिला कोण घेणार. डॉक्टरला सांगून शांतपणे इंजेक्शन द्यायला लावा. त्यातच तिची सुटका आहे.

काळीमाऊ
@स्पष्टवक्ता मी पुण्यात असते, माझ्याकडे असंच पॉझिटिव्ह निघालेलं मांजर होतं. ते गेलं हे खरं, पण त्याआधी ते खाऊन पिऊन मस्त लोळत होतं, कपाटावर चढत होतं, आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवर बसत होतं. शेवटी त्रास व्हायला लागला तेव्हा आम्ही पण इंजेक्शनचाच निर्णय घेतला, त्याला माझा विरोध नाहीये. पण ज्या जिवाला आज भूक लागतेय आणि जो नाडीशी खेळतोय त्याची आजच सुटका कशापासून करायची?

स्पष्टवक्ता
ठीक आहे, मुद्दा मान्य. पण खर्चाचं कोणी बोलत नाहीये.

शिरवळचा_विद्यार्थी
शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला शिकतोय, अजून डॉक्टर नाही त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम. थोडं मोठं लिहितो.
एका रॅपिड टेस्टवर या पिल्लाचं भविष्य ठरवू नका. ही टेस्ट विषाणूचं पी२७ नावाचं प्रथिन रक्तात आहे का ते बघते. एड्सच्या टेस्टमधे प्रतिपिंडं बघतात त्यामुळे आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे पिल्लांमधे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, ल्युकेमियाच्या टेस्टला ती भानगड नाही. पण काही मांजरांमधे शरीर विषाणूला दाबून टाकतं आणि पुढची टेस्ट निगेटिव्ह येते. म्हणून महिना-दीड महिन्यानी परत टेस्ट आणि जमलं तर लॅबमधून पीसीआर. दोन्ही पॉझिटिव्ह आले तर मग ते कायमचं धरायचं. अशी मांजरं साधारण दोन-तीन वर्षं काढतात, कमी वयात लागण झालेल्यांचं आणखी अवघड असतं. काही जास्तही जगतात. उगाच खोटी आशा नको आणि उगाच घाबरवणंही नको.
दुसरं, पांढऱ्या हिरड्या म्हणजे रक्त कमी, पण ते या विषाणूनेच झालंय असं नाही. एवढ्याशा पिल्लाच्या अंगावर पिसवा भरपूर असतील तर त्या एकट्याच रक्त पिऊन ही अवस्था करतात. पिसवांच्या औषधानंतर खायला लागली म्हणताय, हे चांगलं लक्षण वाटतं.
हा विषाणू १९६४ साली ग्लासगोमधे सापडला, एकाच घरातल्या बऱ्याच मांजरांना कॅन्सर होतोय हे लक्षात आल्यावर. म्हणजे एकत्र राहणं हाच त्याचा मुख्य रस्ता. एकमेकांना चाटणं, एकाच वाटीत खाणं, चावणं, आणि आईकडून पोटात असताना किंवा दुधातून. शरीराबाहेर तो फार टिकत नाही, साबणाने, साध्या जंतुनाशकाने मरतो. त्यामुळे तुमच्या दोघांना वेगळं ठेवलं, वाट्या आणि मातीचा ट्रे वेगळा ठेवला, हात धुतले की बरंच काम झालं. त्या दोघांची टेस्ट मात्र करून घ्या.

होटगीरोडवाली
खूप आभार. दोघांची केली, निगेटिव्ह आहेत. त्यांना दरवर्षी लस देतो, ती पुरेल ना?

शिरवळचा_विद्यार्थी
आपल्याकडे मांजरांना जी तीन आजारांची लस सर्रास देतात तिच्यात ल्युकेमिया नसतो. ल्युकेमियाची लस वेगळी असते, ती तुमच्याकडे मिळते का हे डॉक्टरांना विचारा. ती मिळेपर्यंत दार बंद हाच उपाय.

सातरस्ता_मावशी
अगं तिचं अंग गरम लागतंय का बघ, ताप असेल तर लहान मुलांचं क्रोसिन पाव गोळी दुधातून दिलं तर चालेल का? आमच्याकडे एक पिल्लू तापलंय म्हणून विचारतेय.

शिरवळचा_विद्यार्थी
मावशी नाही नाही नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, पाव गोळी सुद्धा. मांजराच्या लिव्हरला ते पचवता येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी-निळसर होतात, तोंड सुजतं, आणि मांजर जातं. माणसाची कुठलीच गोळी मनाने द्यायची नाही. आणि दूध पण नको, बहुतेकांना ते पचत नाही, जुलाब लागतात. तुमच्या पिल्लाला आत्ताच दवाखान्यात न्या.

सातरस्ता_मावशी
बरं झालं विचारलं बाई. निघालेच.

काळीमाऊ
खाण्याचं मी सांगते. कच्चं चिकन-मासे अजिबात नाही, यांची प्रतिकारशक्ती कमी असते त्यामुळे कच्च्या मांसातले जंतू यांना भारी पडतात. उकडलेलं चिकन चालेल पण आपल्या रश्श्यातलं उचलून द्यायचं नाही. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताच्या पेशी फोडतो, आणि हिचं रक्त आधीच कमी आहे.

बाळीवेसकर
म्हणजे सोलापुरात राहून काळं मटन पण नाही आणि शेंगाचटणी पण नाही, नाव मात्र शेंगी. अवघड हाय.

होटगीरोडवाली
:-) आता मुख्य प्रश्न. मी व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकली होती, "आजारी अनाथ पिल्लाला वाचवा, कृपया कोणीतरी आसरा द्या" अशी, रडवेला फोटो लावून. फोन आले पण कसे ते ऐका. एकाला मार्केट यार्डातल्या गोदामात उंदरांसाठी मांजर हवं होतं. एक बाई घ्यायला तयार, मन मोठं आहे, पण त्यांच्याकडे आधीच तीन मांजरं, म्हणे देव बघून घेईल. एकाला पोरीच्या वाढदिवसाला सरप्राईज द्यायचं होतं, आजाराचं सांगितलं तर म्हणाले दुसरं नाही का, पांढरं? आणि बरेच जण फक्त "अरेरे" म्हणून फोन ठेवून देतात.

निनावी_सल्लागार
साधा उपाय, आजाराचं सांगूच नका. आत्ता चांगली दिसतेय ना? एकदा घरात गेली, माया लागली की कोणी बाहेर काढत नाही.

काळीमाऊ
आणि त्या घरात पुढच्या महिन्यात दुसरं पिल्लू आणलं तर? त्याला पण लागण. किंवा सहा महिन्यांनी ती आजारी पडली, दवाखान्यात निदान झालं, आणि लोकांना कळलं की देणाऱ्याला माहीत होतं? ते लोक पुन्हा कधी रस्त्यावरचं मांजर घेणार नाहीत, शेजारपाजारच्यांना पण सांगतील. आणि शेंगी येईल परत कुठल्यातरी पार्किंगमधे.

बाळीवेसकर
बरोबर. लग्न जमवताना लपवतात आणि मग होते ती बोंबाबोंब आपण बघितलीय की.

टेक्स्टाईलवाला
कायद्याचं थोडं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्राण्याला उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणं गुन्हा आहे. पण पहिल्यांदा पकडलं तर दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयात हल्ली दोन प्लेट भजी येत नाहीत, त्यामुळे लोक कायद्याला का घाबरतील हा वेगळा धागा काढावा लागेल.

काळीमाऊ
होटगीरोडवाली, जाहिरात बदल. पुण्यात आम्ही केलं तसं सांगते. रडवा फोटो काढून टाक, ती खेळतेय तो व्हिडिओ टाक. "वाचवा" हा शब्द नको, त्याने दया येणारे येतात आणि दया दोन दिवस टिकते. पहिल्या ओळीत ती कशी आहे ते लिही, दुसऱ्याच ओळीत आजाराचं नाव, तिसऱ्यात कसं घर पाहिजे. फोनवर ज्याला ही तिसरी ओळ पटली त्याच्याशीच पुढचं बोलायचं, बाकीच्यांना नमस्कार. आणि घरी जाऊन बघितल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही.

होटगीरोडवाली
अशी लिहिलीय बघा: "शेंगी, मादी, चार महिने, मातीचा ट्रे वापरते, मांडीवर येऊन झोपते, सकाळी सहाला उठवते (तक्रार चालणार नाही). तिला फीलाईन ल्युकेमिया आहे, माणसांना लागत नाही, मांजरांना लागतो, आयुष्य कमी असू शकतं. दुसरं मांजर नसलेलं, खिडक्यांना जाळी असलेलं घर हवं. पुढच्या टेस्टचा आणि नसबंदीचा खर्च आम्ही करू. कधीही सांभाळणं जमलं नाही तर मलाच परत द्यायची, रस्त्यावर नाही."

स्पष्टवक्ता
ही चांगली आहे. पुढच्या टेस्टला माझ्याकडून पाचशे धरा. मी सुरुवातीला जे बोललो ते बोललो, पण निदान तुम्ही खर्चाचं लिहिलंत.

कुंभारीकर
नमस्कार, मी नेहमी नुसती वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही अक्कलकोट रोडला कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो, घरात मी आणि अम्मा. आमचं जुनं मांजर मागच्या दिवाळीत म्हातारं होऊन गेलं, तेव्हापासून दुसरं नाही. मी एका दुकानात हिशोब बघते, संध्याकाळी येते, अम्मा दिवसभर घरी असते. तिला आजाराचं सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली आपल्याला कुठं तिचं लग्न करायचंय.
पण एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर वाद नको. अम्मा घरी विड्या वळते. घरात ओढत कोणी नाही, फक्त वळतात. कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची, वळून जमा करायची. घर लहान आहे. तर तंबाखूचा तिला त्रास होईल का? होणार असेल तर सांगा, मी नाव मागे घेते.

बाळीवेसकर
जे विचारायला पाहिजे ते स्वतःच सांगितलं. मला तर हे घर पसंत.

शिरवळचा_विद्यार्थी
प्रश्न एकदम योग्य आहे. दोन गोष्टी वेगळ्या करू. धूर: सिगारेटचा धूर असलेल्या घरातल्या मांजरांना लिम्फोमा नावाचा कॅन्सर जास्त होतो असं अभ्यासात दिसलंय, आणि ल्युकेमियाच्या विषाणूने पण तोच कॅन्सर होतो, त्यामुळे घरात कोणी ओढत नाही हे महत्त्वाचं. पाहुण्यांना पण बाहेर पाठवा. तंबाखू: निकोटीन पोटात गेलं तर ते मांजराला थेट विष आहे, लाळ गळते, उलट्या होतात, अंग थरथरतं, झटके येतात. पिल्लू सुपात उडी मारणार, मग अंग चाटणार, तेवढ्याने सुद्धा पोटात जातं.
वळायची जागा वेगळी करता येईल का? दार लागेल अशी?

कुंभारीकर
आतली खोली आहे. अम्मा उंबऱ्यात बसून वळते कारण उजेड तिथं चांगला आणि शेजारणींशी गप्पा होतात. तिला आत बस म्हटलं तर ती मलाच बाहेर बसवेल.

काळीमाऊ
मग उलटं करा, अम्मा उंबऱ्यात, शेंगी आतल्या खोलीत दार लावून, तेवढे तास. मांजरं तशीही दुपारभर झोपतात. वळून झालं की सूप उचलायचं, तंबाखू झाकणाच्या डब्यात, फरशी ओल्या फडक्यानी पुसायची, हात धुवायचे, मग दार उघडायचं.

कुंभारीकर
अम्माला विचारलं. म्हणते डब्बा तर लागतोच, नाहीतर तंबाखू वाळून जातो आणि माल परत येतो. दुपारची वेळ ठरली. आतल्या खोलीच्या खिडकीला जाळी नाही, ती मी बसवून घेते. पाण्याचं सांगते, नळाला रोज पाणी येत नाही पण पिंप भरलेलं असतं.

सातरस्ता_मावशी
उन्हाळ्यात मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेव गं, गार राहतं. आणि आमचं पिल्लू बरं आहे, डॉक्टरनी दोन इंजेक्शनं दिली. क्रोसिनचं त्यांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला.

टेक्स्टाईलवाला
चावलं-ओरखडलं तर काय? ल्युकेमिया लागत नाही हे कळलं पण रस्त्यावरचं पिल्लू आहे.

शिरवळचा_विद्यार्थी
हो, ते राहिलंच. ल्युकेमियाचा आणि रेबीजचा काही संबंध नाही. चावा किंवा रक्त निघेल असा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि सिव्हिलला जाऊन लस घ्यायची, हळद-चुना काही लावायचं नाही. शेंगीची रेबीजची लस तब्येत बघून डॉक्टर ठरवतील.

होटगीरोडवाली
जाऊन आले कुंभारीला. घर स्वच्छ, जाळी बसलीय, अम्मांनी मला चहा-चिवडा दिल्याशिवाय सोडलं नाही. त्यांना मराठी येतं पण मांजराशी त्या तेलुगूतच बोलणार म्हणाल्या. मी एकच विचारलं, ही कमी जगली तर? त्या म्हणाल्या आमचे मालक पण कमीच जगले, म्हणून काय स्वयंपाक करायचा नाही? मग मी पुढचं काही विचारलंच नाही.
घरात दुसरं मांजर आणायचं नाही, बाहेर सोडायचं नाही, नाही जमलं तर मला फोन, हे कागदावर लिहून दोघींनी सही केली. शेंगी गेली.

बाळीवेसकर
वा! पेढे कुठायत?

स्पष्टवक्ता
अभिनंदन. मनापासून.

कुंभारीकर
अपडेट उशिरा देतेय, मार्च एंडचं काम होतं. दुसरी टेस्ट पण पॉझिटिव्ह आली. पीसीआरसाठी रक्त बाहेरच्या लॅबला पाठवलंय. वजन वाढलंय, हिरड्या गुलाबी आहेत, डॉक्टर म्हणाले रक्त सुधारलंय. सकाळी सहाला उठवते हे खरं आहे, अम्माला उठवते, मला नाही. दुपारी आतल्या खोलीत एक-दोन दिवस दाराला पंजे मारले, आता दार लावायच्या आधीच आत जाऊन पोत्यावर पसरते. नसबंदी कधी करायची? शेजारचा बोका आत्तापासून खिडकीशी येऊन बसतो.

शिरवळचा_विद्यार्थी
टेस्ट पॉझिटिव्ह आली याचं वाईट वाटलं, बाकी तब्येतीची बातमी चांगली आहे. नसबंदी करायचीच, माजावर आली की बाहेर पळायला बघेल आणि बोक्याला लागण देईल. रक्ताचा रिपोर्ट चांगला असताना, ताप-सर्दी काही नसताना करून घ्या, भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना पॉझिटिव्ह असल्याचं आठवण करून द्या. आणि जाळीच्या फटीतून नाकाला नाक लागणार नाही असं बघा, त्या खिडकीला खालून एक पत्रा लावलात तर बरं.
नंतर लक्ष ठेवायच्या गोष्टी: खाणं एक दिवस बंद झालं, हिरड्या परत फिकट, तोंडाला वास किंवा लाळ, धाप, वजन उतरणं, गाठ. यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

होटगीरोडवाली
खर्चासाठी जमलेल्यातले थोडे उरलेत, ते नसबंदीला वापरू. आणि धागा बंद करू नका, एक काम राहिलंय. शेंगीची आई अजून आमच्या पार्किंगमधेच फिरतेय, पोट परत वाढल्यासारखं वाटतंय. शेंगीला आईकडूनच आलं असेल तर पुढची सगळी पिल्लं तशीच निघतील. तिला पकडून टेस्ट आणि नसबंदी दोन्ही करायचंय, पण ती हाताला लागत नाही. पिंजरा आहे का कोणाकडे, पाय ठेवल्यावर दार पडतं तसला?

बाळीवेसकर
माझ्या मेव्हण्याकडं हाय, त्यानं मुंगसासाठी करून घेतलेला. रविवारी सकाळी घेऊन येतो. बोंबील तुम्ही आणा, मी आणणार नाही, गाडीला वास मारतो.